तीन महिने मी हवाच मोजत होते

रात्रीचे अडीच वाजले होते. पाच लिटरच्या फर्मेंटरवर (यीस्ट वाढवायची टाकी) डीओचा, म्हणजे द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनचा, आकडा संध्याकाळपासून उतरत उतरत तिशीत येऊन टेकला होता, तो दहा मिनिटांत चढून नव्वदीच्या पुढे गेला. मी आधी प्रोबला शिव्या घातल्या. मग वायर हलवून पाहिली, ट्रान्समीटर बंद करून चालू केला आणि शेवटी रात्रपाळीच्या लॅब असिस्टंट मामांना उठवलं. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं, नमुना काढला, त्यात ग्लुकोजची पट्टी बुडवली आणि म्हणाले, "प्रोबला काही झालं नाही मॅडम. साखर संपली."

साखर संपणं शक्यच नव्हतं. हेच यीस्ट, हेच मिडियम (पोषक द्रावण), आणि फ्लास्क हलवणाऱ्या शेकरवर ही साखर संपायला अठ्ठेचाळीस तास लागायचे. इथे दुपारी बारा वाजता सीड, म्हणजे यीस्टचं विरजण, टाकलं होतं, म्हणजे जेमतेम साडेचौदा तास. एम.टेक.च्या प्रोजेक्टचे तीन महिने ज्या मिडियमच्या 'ऑप्टिमायझेशन'वर घालवले, त्यात मी नेमकं काय मोजलं होतं, हा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा पडला. उत्तर मिळायला आठवडा लागला. ते पचायला त्याहून जास्त.

मायक्रो, बायोटेक किंवा केमिकल करून पहिल्यांदा बायोप्रोसेसकडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय. ग्रोथ कर्व्ह, मायकेलिस-मेंटेन, मोनोडचं समीकरण हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. ते ठाऊक असूनही माणूस कुठे पडतो, तेवढंच मला सांगायचंय. मी मूळची बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीवाली, सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजची. ग्रॅम स्टेनिंग डोळे मिटून करायचे. मास बॅलन्स म्हणजे काय, हे मात्र एम.टेक.च्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या केमिकलवाल्या मुलाला विचारलं होतं. तो हसला होता. (पुढे स्ट्रीकिंग शिकायला तो माझ्याकडेच आला.)

आपल्या मनातलं फर्मेंटेशनचं चित्र घरातलं असतं. दही, इडलीचं पीठ, फार तर दारू. विरजण लावलं की भांडं झाकायचं, उबेत ठेवायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही. आंबवणं म्हणजे झाकून ठेवणं, हे हाडात भिनलेलं असतं. दह्याच्या जिवाणूंना हवेवाचून काही अडत नाही, आणि दारू करणाऱ्या यीस्टला त्या कामापुरती हवा नकोच असते. पण सायट्रिक ॲसिड, पेनिसिलिन, डिटर्जंटमधली एन्झाइम, ई. कोलाय किंवा यीस्टकडून करून घेतलेलं इन्सुलिन, या सगळ्यांना हवा लागते, तीही अखंड. कारखान्यात त्यालाही फर्मेंटेशनच म्हणतात. शब्द एक आणि कामं दोन. पुस्तकात याचा एक परिच्छेद असतो. तो आपण वाचतो आणि परीक्षेत लिहून विसरतो.

पेनिसिलिनची गोष्ट सगळे फ्लेमिंगच्या १९२८ मधल्या बशीवर संपवतात. प्रोसेसवाल्यांसाठी ती तिथे सुरूही होत नाही. ऑक्सफर्डच्या मंडळींनी बुरशी वाढवली ती उथळ भांड्यांत, कारण ती पृष्ठभागावरच वाढायची, जिथे हवा मिळते तिथे. अशा भांड्यांतून निघून निघून निघणार किती? १९४१ मध्ये काम अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत गेलं. तिथे मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं कॉर्न स्टीप लिकर मिडियममध्ये आलं आणि बुरशीला द्रवात बुडवून वाढवायचं ठरलं. बुडालेल्या बुरशीला हवा पोचवायची तर निर्जंतुक हवा खालून सोडायची आणि वरून ढवळायचं. १ मार्च १९४४ ला ब्रुकलिनमध्ये फायझरने साधारण २८ हजार लिटरच्या १४ टाक्यांत हे सुरू केलं. बुडवून फर्मेंटेशन करायचा त्यांचा हात ग्लुकॉनिक ॲसिडवर आधीच बसलेला होता. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पिंपरीत आजही लोक नुसतं 'एचए' म्हणतात. एचएच्या बस स्टॉपवर उभं राहणाऱ्या किती बायोटेकवाल्यांना ठाऊक असतं की आपल्या धंद्याचं महाराष्ट्रातलं एक मूळ त्या भिंतीपलीकडे आहे? मला नव्हतं.

आता माझा खड्डा. इथे मी लांबण लावणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावं आणि माझ्यासारखं पडावं.

माझं यीस्ट होतं ऱ्होडोटोरुला. बाथरूमच्या ओल्या कोपऱ्यात गुलाबी थर धरतो ना, त्यातला हा एक नेहमीचा पाहुणा. कॅरोटिनॉइड रंग बनवतो म्हणून लोक त्याच्या मागे असतात. त्याचा एक गुण मला पाठ होता आणि त्याचा अर्थ कळलेला नव्हता: हे यीस्ट साखर आंबवू शकत नाही. दारू करत नाही. हवा नसेल तर त्याचं चालतच नाही.

मी २५० मिलिलिटरचे फ्लास्क घेतले. दर सहा तासांनी नमुना काढायचा होता आणि शेवटी पेशी वाळवून वजन घ्यायचं होतं, म्हणून प्रत्येकात मिडियम घातलं १०० मिलिलिटर. तोंडाला कापसाचं घट्ट बूच. ऑटोक्लेव्हमध्ये बूच भिजू नये म्हणून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, आणि ती फॉइल शेकरवरही तशीच ठेवली, कारण छान दिसायची आणि त्यावर मार्करने नंबर लिहिता यायचा. आरपीएम १५०. आमच्या आधीच्या बॅचनेही असंच केलं होतं. त्यांच्या आधीच्या बॅचनेही.

मग ते सुप्रसिद्ध डिझाइन, म्हणजे घटक एकदम बदलून सर्वोत्तम मिश्रण शोधायची आखणी. ग्लुकोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि सुरुवातीचा पीएच असे तीन घटक, सेंट्रल कॉम्पोझिट, २० रन, प्रत्येक तीनदा. म्हणजे साठ फ्लास्क. सॉफ्टवेअरने रंगीत टेकडी काढून दिली आणि तिचं शिखर दाखवलं: ग्लुकोज लिटरला १७.४ ग्रॅम. आर-स्क्वेअर, म्हणजे गणित मोजमापांशी किती जुळतं त्याचा आकडा, ०.९७ (पूर्ण जुळलं तर १). मी तो आकडा हॉस्टेलवर सगळ्यांना सांगितला होता.

हा १७.४ आला कुठून ते बघा. तीस अंशाच्या आसपास, हवेच्या संपर्कात असलेल्या एक लिटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. मिलिग्रॅम! साखर त्याच पाण्यात शेकडो ग्रॅम विरघळते. म्हणजे साखर एकदा ओतून निवांत बसता येतं. ऑक्सिजनची शिदोरी बांधून देता येत नाही, तो क्षणाक्षणाला हवेतून पाण्यात उतरवावा लागतो. हा उतरण्याचा वेग ठरवणारा आकडा म्हणजे केएलए. त्याला 'विरघळू शकणारा ऑक्सिजन वजा विरघळलेला ऑक्सिजन' याने गुणलं की तासाला किती ऑक्सिजन उतरतो ते मिळतं. समीकरण एका ओळीचं आहे, आणि ते मला येत होतं. आपल्या फ्लास्कला लावायचं मात्र सुचलं नव्हतं.

माझ्यासारख्या जास्त भरलेल्या, बॅफल (द्रव घुसळणाऱ्या आतल्या खाचा) नसलेल्या, हळू फिरणाऱ्या फ्लास्कचा केएलए फार तर तासाला २५ धरा. गुणिले साडेसात. तासाला, लिटरला, १९० मिलिग्रॅमच्या आत-बाहेर ऑक्सिजन. हवेवर वाढणाऱ्या यीस्टला एक ग्रॅम सुकी पेशी बनवायला ढोबळमानाने एक ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे माझ्या फ्लास्कमध्ये तासाला लिटरमागे ०.१९ ग्रॅमच्या वर पेशी वाढूच शकत नव्हत्या, त्यांना श्रीखंड खायला घातलं असतं तरी. यीस्टचा स्वतःचा वेग तासाला ०.२ होता. तेव्हा पेशी लिटरला एक ग्रॅमच्या जवळ पोचल्या की हवेची मागणी पुरवठ्याला गाठते, आणि तिथून पुढे वाढ सरळ रेषेत रखडत जाते. पहिले दहा-बारा तास सोडा, उरलेल्या छत्तीस तासांत सात ग्रॅम. आधीचा एक धरून आठ. एक ग्रॅम पेशीला दोन ग्रॅम साखर लागते. आठ दुणे सोळा.

सोळा! आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं १७.४. अठ्ठेचाळीस तासांत त्या बुचातून आलेल्या हवेवर जेवढी साखर जळू शकली, तेवढी माझी 'ऑप्टिमम' साखर. त्याहून जास्त घातलेली साखर तशीच उरत होती. चोवीस तासांनी मोजलं असतं तर ऑप्टिमम आणखी खाली आला असता. मी प्रत्येक फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरच घातलं असतं, तर वर. यीस्टचा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता.

फर्मेंटरमध्ये हवा मुबलक मिळाल्याबरोबर यीस्टने तेवढी साखर साडेचौदा तासांत फस्त केली. खायला काही उरलं नाही, म्हणून श्वास मंदावला. श्वास मंदावला, म्हणून डीओ उसळला. डीओची ही उडी म्हणजे ताट रिकामं झाल्याची खूण. कारखान्यात याच खुणेवर फीड (साखरेचा पुढचा पुरवठा) सुरू करतात. मामांना ते अनुभवाने माहीत होतं. मला ते परीक्षेत आलं असतं तर मीही लिहिलं असतं.

हे आधी कळू शकलं असतं का? दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे माझ्याकडे दर सहा तासांचे ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींचं माप) होते. ते सेमीलॉगवर (घातांकी वाढ जिथे सरळ रेघ दिसते तो आलेख) काढले असते तर बारा तासांपाशी रेघ वाकलेली दिसली असती, आणि साध्या आलेखावर तिथून पुढे पट्टी लावल्यासारखी सरळ. वाढ घातांकी असायला हवी तिथे सरळ रेघ दिसली की काहीतरी ठरावीक वेगाने येतंय आणि पेशी त्याची वाट बघतायत. बहुतेक वेळा ती हवा असते. मी ओडी साध्या एक्सेल आलेखावर काढले होते आणि सरळ रेघ बघून 'किती छान डेटा' म्हणाले होते.

दुसरी चाचणी फुकटात होते. तेच मिडियम, तेच सीड, २५० च्या तीन फ्लास्कमध्ये २५, ५० आणि १०० मिलिलिटर घाला. बाकी काही बदलू नका. उत्तर तिन्हीत एकच आलं तर हवेची चिंता सोडा. बदललं तर तुमचा प्रयोग अजून सुरूच झालेला नाही. मी हे त्या आठवड्यात केलं, मिडियममध्ये साखर आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट दोन्ही वाढवून. २५ च्या फ्लास्कमध्ये लिटरमागे १०० च्या दुपटीहून जास्त पेशी निघाल्या. तो फ्लास्क हातात धरून मी रडले. का ते विचारू नका, तुमचं डिझर्टेशन सहा आठवड्यांवर असेल तेव्हा कळेल.

म्हणून वहीत नुसतं '१५० आरपीएम' लिहू नका. फ्लास्क केवढा, भरला किती, बूच कसलं, बॅफल आहे का, आणि शेकरचा फेरा किती मिलिमीटरचा, हे सगळं लिहा. २५ मिलिमीटरच्या फेऱ्याचा शेकर आणि ५० चा शेकर एकाच आरपीएमवर सारखी हवा देत नाहीत. सर्वसाधारण नियम असा की फ्लास्क एक पंचमांशाच्या वर भरू नये. नमुन्याला मिडियम पुरत नसेल तर जास्त फ्लास्क ठेवा आणि प्रत्येक वेळी एक बळी द्या. फॉइल शेकरवर जाण्याआधी काढा. बाई गं, फॉइल काढ!

आता जरा राग काढते. रिस्पॉन्स सरफेस, म्हणजे हे टेकडीचं तंत्र, वाईट नाही, पण आपल्याकडे ते डिझर्टेशनचं पान भरायचं यंत्र झालंय. वीस रन, रंगीत टेकडी, आर-स्क्वेअर, झालं. टेकडी गणिताने बरोबर असते. ती टेकडी कशाची आहे, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. तुमचे सीनियर 'हे फाइलमध्ये तयार आहे, फक्त आकडे बदल' म्हणतील. ती फाइल घेऊ नका. निदान आधी वरचे तीन फ्लास्क ठेवल्याशिवाय घेऊ नका.

गाईडबद्दलही बोलते. माझे गाईड भले माणूस होते आणि त्यांनी फर्मेंटरला हात लावून बरीच वर्षं झाली होती. त्यात त्यांचा दोष फार नाही, त्यांना लेक्चर, समित्या आणि निधीचे अर्ज यातून डोकं वर काढता येत नव्हतं. पण प्रोसेस शिकायची तर प्रोसेसला रोज हात लावणाऱ्या माणसापाशी बसा. लॅब असिस्टंट, इन्स्ट्रुमेंटचा सर्व्हिस इंजिनियर, प्लांटमधले जुने ऑपरेटर. त्यांना अहो-जाहो करा, चहा पाजा, आणि 'हे असं का' हे दोनदा विचारा. पहिल्यांदा ते 'असंच करतात' म्हणतात. खरं उत्तर दुसऱ्यांदा येतं.

प्लांटमध्ये गेल्यावर हाच हिशेब अंगावर येतो, फक्त आकडे मोठे. समजा ई. कोलाय लिटरला दहा ग्रॅम झालाय आणि तासाला लिटरमागे शंभर मिलिमोल ऑक्सिजन ओढतोय. म्हणजे ३.२ ग्रॅम. पाण्यात शिल्लक सात मिलिग्रॅम. भागाकार करा: हवा बंद पडली तर आठ सेकंद. कॉम्प्रेसर ट्रिप झाला की शिफ्ट इंजिनियर का धावतो, ते यातून समजतं. तुमच्या हातात चहाचा कप असतो आणि तो खाली ठेवेपर्यंत बॅच गुदमरलेली असते.

आणि 'लॅबमधला आरपीएम मोठ्या टाकीलाही ठेवा' असं कोणी म्हणालं तर त्याला मोटर विकत घ्यायला पाठवा. दहा लिटरवरून हजार लिटरवर जाताना टाकीचा आकार तसाच ठेवला तर पंखा ४.६ पट मोठा होतो. लॅबमध्ये ५०० आरपीएम असेल आणि पात्याच्या टोकाचा वेग कायम ठेवायचा असेल, तर वरती १०८ आरपीएम निघतो. पण तेव्हा दर लिटरमागची ढवळण्याची ताकद एक पंचमांशावर येते. ताकद कायम ठेवायची म्हटलं तर १८० च्या आसपास, आणि मग टोकाचा वेग दीडपटीहून जास्त. सगळं एकदम जपता येत नाही. काय सोडायचं ते तुमच्या सूक्ष्मजीवावर अवलंबून: तंतुमय बुरशी पात्याने फाटते, जिवाणूला फारसा फरक पडत नाही. मुलाखतीत 'स्केल-अप कसं कराल' विचारलं की लोक धडाधड सूत्रं म्हणतात. त्याऐवजी 'या प्रोसेसमध्ये आधी काय कमी पडतंय' असा उलटा प्रश्न विचारा. मला त्यावर नोकरी मिळाली.

उष्णतेचं मात्र मला कोणी सांगितलंच नव्हतं. पेशींनी वापरलेल्या दर मोल ऑक्सिजनमागे साधारण ४६० किलोजूल उष्णता निघते. वरच्या ई. कोलायचा दहा हजार लिटरचा फर्मेंटर म्हणजे १३० किलोवॅटच्या जवळ. दीड टनाचे चोवीस-पंचवीस एसी चोवीस तास लावल्यावर जेवढी काढतील तेवढी. लॅबमधली छोटी टाकी गार करणं सोपं, मोठ्या टाकीला घनफळाच्या मानाने अंग कमी. एप्रिल-मे महिन्यात कुलिंग टॉवरचं पाणीच तीस-बत्तीस अंशांचं येतं, त्याने तीस अंशांची बॅच गार कशी राहणार? मग चिल्ड वॉटर, आणि चिल्ड वॉटर म्हणजे विजेचं बिल. 'ऑक्सिजन वाढवूया' म्हणणारा नवा इंजिनियर उष्णतेचा हिशेब करून आला नसेल तर त्याला युटिलिटीचे (पाणी, वाफ, वीज पुरवणारे) लोक मीटिंगमध्ये सोलतात. मला सोललंय.

फेस आला की अँटिफोम घालतात, हे सगळ्यांना माहीत असतं. सिलिकॉनचं अँटिफोम बुडबुडे एकत्र करतं आणि केएलए पाडतं, हे पहिल्यांदा घाबरून अर्धी बाटली ओतल्यावर कळतं. थेंबाने घाला.

निर्जंतुकीकरणाबद्दल थोडंच सांगते. १२१ अंश, वीस मिनिटं हे पाठ असतं. पण वीस मिनिटं मोजायची ती टाकीतली सगळ्यात गार जागा १२१ ला पोचल्यावर, आणि ती जागा बहुतेकदा एखाद्या पाइपच्या आंधळ्या टोकात किंवा तुंबलेल्या स्टीम ट्रॅपपाशी (वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) असते. आमच्याकडचे एक ऑपरेटर काका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवून मुठीला कान लावायचे आणि आवाजावरून सांगायचे, हा चालतोय, हा मेला. बॅच सलग दोनदा बाटली, तेव्हा आम्ही सगळे मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलो होतो. काकांनी सॅम्पल लाइनचा ट्रॅप ऐकून शोधला. (प्लांटच्या भाषेत कंटॅमिनेशन झालं की बॅच 'बाटते'. याहून नेमका शब्द मला कुठे सापडला नाही.)

डाउनस्ट्रीमला, म्हणजे फर्मेंटरनंतर माल वेगळा करून शुद्ध करण्याला, नवीन लोक नाकं मुरडतात. फर्मेंटर चमकदार, सेंट्रिफ्यूज गोंगाटाचं. पण पाच पायऱ्या असतील आणि प्रत्येकीत नव्वद टक्के हाती आलं, तरी शेवटी उरतात एकोणसाठ टक्के. औषधी प्रथिनांमध्ये निम्म्याहून जास्त खर्च इथे जाऊ शकतो. मेम्ब्रेन आणि क्रोमॅटोग्राफी येणाऱ्या माणसाला मागणी आहे. मला ते उशिरा कळलं आणि मी अजूनही फर्मेंटरवालीच आहे, तेव्हा यापेक्षा जास्त सल्ला देणं बरं नाही.

नोकरीचं थेट बोलूया. 'बायोटेक' नावाची पदवी घेऊन दारात उभं राहिलं की कोणी हार घालत नाही. प्रॉडक्शनला केमिकलवाला घेतात, लॅबला मायक्रोवाला, आणि बायोटेकवाला मध्ये लोंबकळतो. यातून सुटायचं तर दुसऱ्या बाजूचं काहीतरी पक्कं करा. बायोवाले असाल तर मास आणि एनर्जी बॅलन्स, पी अँड आयडी (प्लांटच्या पाइप आणि उपकरणांचा नकाशा) वाचणं, पंप-व्हॉल्व्हची नावं. केमिकलवाले असाल तर चार महिने कल्चर हातात घ्या, कल्चर म्हणजे अभिक्रियेतला के नव्हे, ते रुसतं. पुढे शिकायचं तर गेट आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेशपरीक्षा बघा. मुंबईत आयसीटी, आयआयटी, पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ही नावं तुम्हाला माहीतच आहेत. एनसीएलमध्ये एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, प्रोजेक्टला कल्चर हवं असेल तर आधी त्यांची यादी चाळा. मातीतून नवीन जिवाणू शोधण्याची हौस नंतर.

डिस्टिलरीला कमी लेखू नका. आमच्या वर्गातल्या एकानेही आपणहून अर्ज केला नव्हता, 'दारूच्या कारखान्यात काय जायचं' म्हणून. आपल्याकडे साखर कारखान्यांना लागून डिस्टिलऱ्या आहेत, इथेनॉलमुळे त्या वाढतायत, आणि एवढ्या मोठ्या टाक्या नवशिक्याला दुसरीकडे कोणी हाताळू देत नाही. साखरेतून दारू जास्तीत जास्त ५१.१ टक्के वजनाने मिळते, हा वरचा कठडा. तुमची मळी, तुमचं यीस्ट आणि तुमची उष्णता त्यातलं किती खाते, हा रोजचा खेळ. एक टन सी-हेवी मळीतून (साखर शेवटपर्यंत काढून उरलेली) साधारण सव्वादोनशे लिटर निघतं, आणि प्रत्येक लिटरमागे आठ ते पंधरा लिटर काळा स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी), ज्याचं काय करायचं हे तुमच्या नोकरीचं अर्धं काम. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकवतात. वर्गातला जो एक जण नाइलाजाने डिस्टिलरीत गेला, तो आमच्यात सगळ्यात आधी प्लांट सांभाळायला लागला. आणि त्याला हवेचा त्रास नाही!

मुलींनो, तुम्हाला क्यूसीत (मालाची तपासणी करणारी लॅब) टाकतील. 'एसी आहे, बसून काम आहे, जनरल शिफ्ट आहे.' क्यूसी वाईट नाही, पण तुम्हाला प्रोसेस हवी असेल तर पहिल्याच महिन्यात प्रॉडक्शन किंवा एमएसटी (प्रोसेसचं तंत्र सांभाळणारा विभाग) लेखी मागा. तोंडी मागितलेलं हवेत जातं. मला आठ महिने लागले. सेफ्टी शूज माझ्या मापाचे मिळायला अजून दोन.

आणि बॅच रेकॉर्ड जागेवर, त्याच वेळी, पेनने लिहा. मागाहून आठवून भरलेली सहा वाजताची रीडिंग ओळखू येतात, सगळ्यांचं अक्षर सारखंच सुबक असतं. पहिल्या वर्षी बॅचेस बिघडतील. तुमच्या हातून एक तरी नाल्यात जाईलच, म्हणजे ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट). माझी गेली, पाचशे लिटर, व्हॉल्व्ह उलटा. त्या रात्री वाटलं उद्या काढून टाकतील. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी फक्त विचारलं की रीडिंग खरी लिहिलीस का. लिहिली होती. पुढे काही झालं नाही.

प्रोजेक्टचं काय झालं ते राहिलं. सहा आठवड्यांत सगळे साठ फ्लास्क पुन्हा करणं शक्य नव्हतं. मी जुनी टेकडी तशीच ठेवली आणि तिच्यामागे एक नवं पान जोडलं: तीन फ्लास्क, २५, ५०, १००, आणि वरचा सोळा ग्रॅमचा हिशेब, आधीचा ऑप्टिमम का खोटा आहे ते सांगणारा. गाईड म्हणाले, "हे घालायलाच हवं का?" पण सही केली. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध हातात घेतला, भराभर चाळला, तीन फ्लास्कचं पान उलटून मागे गेले, रंगीत टेकडीपाशी थांबले आणि चष्मा वर करून म्हणाले, "हे छान झालंय."